४८२ वर काहीच नव्हतं

मोजमाप घ्यायच्या आधी खोलीतले सगळे दिवे बंद करायला लागायचे. खिडकीचा जाड पडदा ओढायचा, मॉनिटर भिंतीकडे वळवायचा, सिस्टरांच्या टेबलावरचा तो छोटा दिवासुद्धा मालवायचा, आणि मग आमच्या डॉक्टर मॅडम हळूच म्हणायच्या, "हं, घे आता." मी कीबोर्डवरची की दाबायची आणि पुढचे चार-पाच सेकंद खोलीत कुणीच काही बोलायचं नाही, तपासणीच्या टेबलावर पाय वर घेऊन पडलेली बाई पण श्वास रोखून असायची, खरंतर तिला श्वास रोखायची काहीच गरज नव्हती पण अंधार झाला की माणूस आपोआप गप्प होतं. मग स्क्रीनवर एक वेडीवाकडी रेघ उमटायची. त्या रेघेसाठी हा सगळा खटाटोप.

मी शिकले फिजिक्स, डॉक्टर नाही. पण पीएचडीची सगळी वर्षं मी याच कामात होते, गर्भाशयाच्या मुखावर उजेड टाकायचा आणि तिथून परत येणाऱ्या उजेडावरून तिथल्या पेशी कॅन्सरच्या दिशेने बिघडायला लागल्यात का ते ओळखायचं. याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला की म्हणजे एक्स-रे सारखं का? नाही, अजिबात नाही. एक्स-रे आरपार जातो आणि सावली दाखवतो. आमचा उजेड आत जेमतेम शिरतो, काही शे मायक्रोमीटर, फार तर एक-दोन मिलिमीटर, तिथल्या रेणूंशी त्याची गाठ पडते, आणि तो बदलून परत येतो. तो काय बदलून आला एवढंच आम्ही बघतो.

आधी रोगाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी वाटेल.

हा कॅन्सर अचानक येत नाही. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, याचा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी बहुतेकींना होऊन जातो आणि बहुतेक वेळा शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला स्वतःच हाकलून लावतं, बाईला पत्ताही लागत नाही. काहीजणींमध्ये मात्र तो ठाण मांडून बसतो, आणि त्यातही १६ आणि १८ नंबरचे प्रकार सगळ्यात वाईट, या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेसमागे हे दोनच असतात. (हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये हे दोन्ही शोधून काढले, त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं.) संसर्ग टिकून राहिला की मुखावरच्या आवरणाच्या अगदी तळच्या थरापासून बिघाड सुरू होतो. बिघडलेल्या पेशी तळच्या एक तृतीयांश भागातच असतील तर त्याला सीआयएन १ म्हणतात, दोन तृतीयांशापर्यंत चढल्या तर २, त्याच्याही वर गेल्या की ३. आणि या सगळ्याला वेळ लागतो, संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं.

पंधरा वर्षं! इतकी वर्षं आधी खुणा दाखवणारा कॅन्सर दुसरा मला तरी पटकन आठवत नाही. आणि तरीही २०२२ या एका वर्षात जगभरात साधारण ६ लाख ६० हजार बायकांना हा कॅन्सर झाल्याचं निदान झालं आणि साडेतीन लाख बायका गेल्या, त्यातल्या जवळजवळ ९४ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला दुःखापेक्षा राग जास्त आला होता, तो अजून गेलेला नाही.

बरं, पकडायच्या पद्धती आहेत की. जॉर्ज पापानिकोलाऊंची पॅप स्मिअर आहे, पेशी खरवडून काचेवर पसरायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. आता एचपीव्हीचा डीएनए शोधणारी टेस्ट आहे, ती जास्त भरवशाची. त्यात काही आढळलं की पुढची पायरी कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून मुखाकडे नीट बघणं, हे यंत्र हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये जर्मनीत बनवलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे पातळ व्हिनेगरच, कापसाने लावायचं, मिनिटभर थांबायचं, जिथे पेशींची केंद्रकं मोठी आणि दाटीवाटीने असतात तो भाग पांढरा पडतो. त्या पांढऱ्या भागातून चिमट्याने छोटासा तुकडा काढायचा आणि बायोप्सीला पाठवायचा.

इथे खरी अडचण आहे. पांढरं फक्त प्री-कॅन्सरच पडतं असं नाही, साधी सूज आली असेल तरी पडतं, पेशी एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलत असतील, जे तिथे अगदी नैसर्गिकपणे चालू असतं, तरीही पडतं. म्हणजे तुकडा नेमका कुठून घ्यायचा हे शेवटी डॉक्टरांच्या डोळ्यावर आणि अनुभवावर. २०१५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात त्यांनी प्रत्येक बाईचे वेगवेगळ्या जागांवरून तुकडे घेऊन बघितले, तर एकाच तुकड्यावर विसंबलं तर गंभीर बिघाड सुमारे ६१ टक्के वेळा सापडत होता, दोन तुकडे घेतले की ८६ टक्के, आणि तीन घेतले की ९६ टक्के. म्हणजे बिघाड तिथे होता, डॉक्टर पण तिथेच बघत होते, फक्त चिमटा दोन मिलिमीटर बाजूला पडला. हा अभ्यास वाचला तेव्हा आम्ही नक्की काय करतोय ते मला पहिल्यांदा नीट कळलं. आम्हाला डॉक्टरांच्या जागी मशीन बसवायचं नव्हतंच, चिमटा कुठे लावायचा हे सांगणारं काहीतरी हवं होतं.

आणि दुसरी अडचण वाट बघण्याची. तुकडा दिला की रिपोर्टसाठी थांबायचं, मग परत यायचं, मग उपचारासाठी अजून एकदा यायचं. दर फेरीला काही बायका गळतात. कुणाला सुट्टी मिळत नाही, कुणाच्या घरी लहान मूल, कुणाला वाटतं की दुखत तर काही नाही, मग कशाला. मॅडमकडे एक जुनी वही होती, रिपोर्ट आला पण बाई परत आली नाही अशांची नावं त्यात लाल पेनाने लिहिलेली. त्या वहीबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत पण ती कायम टेबलावर असायची.

आता उजेडाकडे येते, हा माझा प्रांत.

पेशी बिघडायला लागली की तिचं रूप बदलायच्या आधीपासून तिचा कारभार बदललेला असतो. ती जास्त खाते, ऊर्जा वेगळ्या मार्गाने बनवते, साठवलेलं संपवते, शेजारचा आधार पोखरायला लागते. या कारभारात गुंतलेले काही रेणू असे आहेत की त्यांच्यावर ठरावीक रंगाचा उजेड टाकला की ते स्वतःहून दुसऱ्या रंगाने चमकतात, याला फ्लोरेसन्स म्हणतात. पेशीत एनएडीएच नावाचा रेणू असतो, त्याच्यावर ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा अल्ट्राव्हायोलेट उजेड टाकला की तो निळसर चमकतो. एफएडी नावाचा दुसरा, त्याला निळा उजेड दिला तर हिरवट चमकतो. या दोघांचं आपसातलं प्रमाण म्हणजे पेशी ऊर्जा कशी बनवतेय याचा अंदाज. आणि आवरणाच्या खाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, ती तर सगळ्यात जास्त चमकते. प्री-कॅन्सरमध्ये वरच्या पेशींमधलं एनएडीएच वाढतं पण खालची कोलॅजनची जाळी विरळ व्हायला लागते, बिघडलेल्या पेशी असे काही एन्झाइम सोडायला लावतात की त्या जाळीचे टाकेच उसवतात, त्यामुळे एकूण चमक उलट कमी होते. मला हे फार विलक्षण वाटतं, की रोग अजून वरच्या थरातच आहे, तळाचा पडदा ओलांडलेलाही नाही, आणि खालच्या जमिनीला त्याची चाहूल आधीच लागलीय.

हे माणसावर करून बघण्यात टेक्सासमधल्या ऑस्टिनचा गट सगळ्यात पुढे होता, रेबेका रिचर्ड्स-कोर्टम आणि निर्मला रामानुजम. ३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेझर फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून, मुखापर्यंत नेऊन त्यांनी जी मोजमापं घेतली त्यांचा पेपर १९९४ चा आहे. तो मी इतक्यांदा वाचलाय की प्रिंटआउटचे कोपरे गेले. त्यात एक गोष्ट त्यांच्या लगेच लक्षात आली होती जी मला कळायला पुढे दोन वर्षं लागली, ती म्हणजे एका बाईची चमक आणि दुसऱ्या बाईची चमक यातच इतका फरक असतो की निरोगी-आजारी हा फरक त्यात बुडून जातो. म्हणून ते प्रत्येकीच्या संशयित जागेची तुलना तिच्याच निरोगी जागेशी करायचे. हे लक्षात ठेवा, याच्याकडे मी परत येणार आहे.

दुसरा मार्ग म्हणजे साधा पांढरा उजेड टाकायचा आणि परत किती आला ते रंगानुसार मोजायचं. रक्तातलं हिमोग्लोबिन काही रंग गिळतं, ४१५ नॅनोमीटरजवळ सगळ्यात जास्त, मग ५४० आणि ५७७ जवळ दोन छोटे खळगे पडतात. बिघडलेल्या जागी नवीन रक्तवाहिन्या फुटायला लागतात त्यामुळे हे खळगे खोल होतात. शिवाय केंद्रक फुगलेलं असतं, निरोगी पेशीत ५ ते १० मायक्रोमीटरचं, बिघडलेल्यात २० पर्यंत जाऊ शकतं, आणि कणाचा आकार बदलला की उजेडाचं विकिरण, म्हणजे विखुरणं, बदलतं, त्यावरून केंद्रकाचा आकार काढायची पद्धत एमआयटीच्या लोकांनी १९९८ मध्ये दाखवली.

या खळग्यांनी मला एकदा चांगलाच धडा दिला. काही दिवसांच्या रीडिंगमध्ये ५४० आणि ५७७ चे खळगे जवळजवळ गायबच होते. मी लेझर बघितला, डिटेक्टर बघितला, फायबर काढून परत लावली, काही सापडेना. मग तारखा लावून बघितल्या तेव्हा कळलं की त्या दिवशी मॅडम नव्हत्या, एक ज्युनियर डॉक्टर प्रोब, म्हणजे मुखाला टेकवायची उजेडाची नळी, धरत होती, आणि तो घसरू नये म्हणून ती जरा दाबून धरायची. बस, एवढंच. नखावर दुसऱ्या हाताचं बोट दाबून बघा, पांढरं पडतं ना, रक्त बाजूला सरतं. तसंच तिथेही होत होतं, आम्ही त्या बाईचं रक्त दाबून बाजूला सारायचो आणि मग म्हणायचो की इथे रक्त कमी दिसतंय. तिची काहीच चूक नव्हती, किती जोराने धरायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर प्रोबच्या टोकाला स्प्रिंग बसवली, एका मर्यादेपलीकडे दाबलं की ती मागे सरकते.

तिसरा मार्ग रामन, आणि मी मुख्यतः यावरच काम केलं. २८ फेब्रुवारी १९२८, कोलकाता, चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं आणि विसरलेलंही असतं. रेणूवर एका रंगाचा उजेड टाकला की बहुतेक सगळा त्याच रंगाने परत फिरतो, पण साधारण एक कोटी फोटॉनमागे एखादा असा असतो की तो रेणूच्या बंधाला हलवून, त्याला थोडी ऊर्जा देऊन मग बाहेर येतो, म्हणजे त्याचा रंग किंचित बदललेला असतो. किती बदलला ते त्या बंधावर अवलंबून. प्रत्येक बंधाचं थरथरणं वेगळं म्हणून प्रत्येक रेणूची रेघ वेगळी. एक कोटीत एक! म्हणून ते दिवे मालवणं, म्हणून तो जाड पडदा. रामननी सुरुवातीला हे सूर्याचा उजेड, काचेचे फिल्टर आणि स्वतःचे डोळे एवढ्यावर बघितलं होतं, माझ्यासमोर उणे ७० डिग्रीपर्यंत गार केलेला डिटेक्टर होता तरी मला रोज वाटायचं की सिग्नल अजून थोडा जास्त हवा होता.

आम्ही ७८५ नॅनोमीटरचा लेझर वापरायचो कारण त्या रंगाला ऊती फारशा चमकत नाहीत, नाहीतर फ्लोरेसन्सच्या पुरात रामनचा थेंब दिसणारच नाही. रेघेवर शिखरं येतात, रंग किती बदलला त्याच्या आकड्यांनीच त्यांना हाक मारायची सवय होते. १००४ म्हणजे फिनाइलअॅलनिन, प्रथिनांमधलं, ते कायम जागेवर असतं, सकाळी मशीन सुरू केलं आणि १००४ दिसलं की बरं वाटायचं. १४४५ आणि १६५५ ही रुंद शिखरं, चरबी आणि प्रथिनांची. १३४० च्या आसपास डीएनए आणि प्रथिनं एकमेकांत मिसळलेली. आणि ४८२, ८५० आणि ९३८ ही तीन ग्लायकोजेनची.

ग्लायकोजेन म्हणजे पेशीने बाजूला ठेवलेली साखर. मुखावरच्या निरोगी, पूर्ण वाढलेल्या पेशी ग्लायकोजेनने भरलेल्या असतात. बिघडलेल्या पेशी सतत विभागत असतात, पूर्ण वाढायला आणि साठवायला त्यांना सवडच नसते. म्हणून निरोगी जागेवर ४८२ वर सुबक टोकदार शिखर येतं आणि सीआयएन २-३ च्या जागेवर ते बसतं, सपाट होतं. मी पहिल्यांदा एकाच बाईच्या दोन जागांच्या रेघा एकावर एक ठेवल्या, एकीवर ४८२ उभं आणि दुसरीवर नाही, दोन्ही जागांत अंतर असेल जेमतेम सेंटिमीटर. बायोप्सीचा रिपोर्ट दोन आठवड्यांनी आला आणि आमच्या रेघेशी जुळला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाटलं झालं, सापडलं, आता फक्त पुरेशा रेघा गोळा करायच्या आणि कॉम्प्युटरला शिकवायचं.

मग त्या मावशी आल्या. सिस्टर त्यांना मावशी म्हणत होत्या म्हणून मी पण मावशीच म्हटलं, पंचावन्नच्या आसपासच्या असतील. अंधार करायच्या आधी त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "दुखणार नाही ना गं?" मी म्हटलं, "नाही मावशी, टॉर्च लावल्यासारखं आहे, कळणार पण नाही." त्यांनी हात सोडला नाही, मी दुसऱ्या हाताने की दाबली.

४८२ वर काहीच नव्हतं. ८५०, ९३८, सगळं सपाट. जागा बदलून घेतलं, परत सपाट. चारही जागा सपाट. आमच्या प्रोग्रॅमने चारही जागांना गंभीर बिघाड असं लेबल लावलं, आणि तोपर्यंतच्या सगळ्या रेघांमध्ये सगळ्यात जास्त खात्रीने लावलं. आमचं काम संशोधनाचं होतं, आमचा निकाल पेशंटला सांगायचा नसतो आणि त्यावर उपचार ठरत नाहीत, त्यामुळे मी गप्प बसले, पण बाहेर बाकावर बसून त्या चप्पल घालत होत्या तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

रिपोर्ट आला. नॉर्मल. बिघाड कुठेच नाही. त्याखाली एका ओळीत लिहिलेलं की वयोमानाने आवरण पातळ झालेलं आहे.

मी तो कागद घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी रेघ बघितली, कागद बघितला, आणि मला विचारलं, "यांची पाळी जाऊन किती वर्षं झाली?" मला माहीत नव्हतं. फॉर्मवर रकाना होता, शेवटच्या पाळीची तारीख, तो रिकामा होता. मॅडम म्हणाल्या, "इस्ट्रोजेन कमी झालं की या पेशी ग्लायकोजेन साठवतच नाहीत. अगं, यांना आयोडीन लावलं असतं तरी पिवळंच राहिलं असतं. हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो."

आयोडीनची टेस्ट म्हणजे काय ते सांगते. व्हिएन्नाच्या वॉल्टर शिलर यांनी १९३० च्या आसपास ती आणली, मुखावर आयोडीनचं द्रावण लावायचं, जिथे ग्लायकोजेन असतं तिथे गडद तपकिरी रंग येतो, जिथे नसतं तो भाग पिवळा राहतो. म्हणजे मी लाखमोलाच्या लेझरने आणि उणे ७० च्या डिटेक्टरने जे मोजत होते तेच ग्लायकोजेन डॉक्टर मंडळी इतक्या वर्षांपासून कापसाच्या बोळ्याने बघत होती, आणि ते कुठे फसवतं हेही त्यांना तितक्याच वर्षांपासून ठाऊक होतं. मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं की रोग ओळखायचा म्हणजे रोगाची खूण शोधायची.

त्या संध्याकाळी मी सगळे जुने फॉर्म काढून बसले. पाळीच्या तारखेचा रकाना कितीतरी फॉर्मवर रिकामा. आम्ही फिजिक्सवाल्यांनी तो कधी मागितलाच नव्हता, आमच्या दृष्टीने ती डॉक्टरांची औपचारिकता होती. जिथे भरलेला होता त्या रेघा मी वेगळ्या केल्या आणि मग जे दिसलं ते असं की निरोगी बायकांच्या रेघांमध्येच गट पडत होते. पाळी गेलेल्या एकीकडे, पाळी चालू असलेल्या दुसरीकडे, आणि त्यांच्यातही महिन्याच्या पहिल्या अर्ध्यातल्या आणि दुसऱ्या अर्ध्यातल्या किंचित वेगळ्या. अमेरिकेत व्हँडरबिल्टला अनिता महादेवन-जॅन्सन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या रामनवर खूप काम केलंय, त्यांनीही हेच दाखवलंय, की बाईची हार्मोनची स्थिती हिशेबात धरली तर बिघाड ओळखणं स्पष्टपणे सुधारतं. तो पेपर माझ्या फोल्डरमध्ये होता, मी फक्त त्यातली अचूकतेची टक्केवारी बघितली होती.

माझं आज ठाम मत आहे की हे तंत्रज्ञान मागे राहिलं ते लेझर कमी पडला म्हणून किंवा कॉम्प्युटर कमी पडला म्हणून नाही. आपण निरोगी बाई म्हणजे काय हे नीट मोजलं नाही म्हणून. निरोगी ही एक रेघ नाहीच. विशीतली, बाळंतपण झालेली, गोळ्या घेणारी, पाळी जात असलेली, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, प्रत्येकीचं निरोगी वेगळं. पाळी गेली की फक्त ग्लायकोजेन कमी होतं असंही नाही, आवरण पातळ होतं त्यामुळे उजेड खालच्या कोलॅजनपर्यंत सहज पोचतो आणि फ्लोरेसन्सची चमकही बदलते, शिवाय पेशी बदलण्याची जी मुख्य जागा, जिथे बिघाड सुरू होतो, तीच वर नळीत सरकते आणि प्रोब तिथे पोचतच नाही. साधी सूज असेल तर रक्त वाढतं आणि तेही बिघाडासारखंच दिसतं. प्रोबच्या टोकाला चिकटलेला स्राव, बायोप्सीनंतर आलेला रक्ताचा थेंब, आधी लावलेलं व्हिनेगर, हे सगळं रेघेत उतरतं. उजेड फार प्रामाणिक असतो, समोर जे आहे ते सगळं सांगतो, त्यातलं आपल्या कामाचं कुठलं हे तो सांगत नाही.

यंत्रं बाजारात आलीच नाहीत असंही नाही. फ्लोरेसन्स आणि परावर्तन दोन्ही वापरून मुखाचा रंगीत नकाशा काढणाऱ्या लुमा नावाच्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने २००६ मध्ये मान्यता दिली होती, तीही कोल्पोस्कोपीनंतरची जोड म्हणून, तिच्याऐवजी नाही. आज कोल्पोस्कोपीच्या खोल्यांमध्ये ते यंत्र दिसत नाही. मला त्याचं वाईट वाटतं पण जोड म्हणून ही जागा मला योग्य वाटते. लाखो बायकांमधून कुणाला धोका आहे हे शोधायचं काम एचपीव्ही टेस्ट चांगलं करते, नमुना बाई स्वतःसुद्धा घेऊ शकते. उजेडाचं काम त्याच्या पुढचं. टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या बाईला टेबलावर घेतलं, आता कुठून तुकडा घ्यायचा, किंवा तुकडा घ्यायची गरजच नाही का, हे तिथल्या तिथे सांगणं. दुसरी बाजू पण तितकीच महत्त्वाची. सीआयएन २ पैकी जवळजवळ निम्मे दोन वर्षांत आपोआप मागे फिरतात, सीआयएन ३ मात्र तसाच सोडला तर तीस वर्षांत साधारण ३० टक्के जणींमध्ये कॅन्सर होतो. पहिल्या गटातल्या तरुण मुलीच्या मुखाचा तुकडा विनाकारण कापला तर पुढे तिचं मूल वेळेआधी जन्मायचा धोका वाढतो. सोडून द्यायचं कुणाला आणि सोडायचं नाही कुणाला हे आज आपण मायक्रोस्कोपखाली आकार बघून ठरवतो, आतला कारभार बघून ठरवता आलं तर किती बरं होईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये २०३० साठी लक्ष्य ठेवलंय, ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत आणि परत पंचेचाळिशीपर्यंत चांगल्या टेस्टने तपासणी, आणि ज्यांच्यात बिघाड सापडेल त्यातल्या ९० टक्के जणींना उपचार. मला तो शेवटचा ९० सगळ्यात अवघड वाटतो. सापडली आणि उपचार झाला या दोन शब्दांच्या मध्ये मॅडमची ती लाल पेनाची वही आहे.

मावशींची रेघ माझ्या थिसिसमध्ये आहे, नाव नाही, फक्त नंबर, निरोगी गटात. त्यानंतर आम्ही फॉर्म बदलला. पाळीचा रकाना दुसऱ्या पानाच्या तळाशी होता तो पहिल्या पानावर सगळ्यात वर आणला, आणि ती तारीख टाकल्याशिवाय लेझरच सुरू होणार नाही असं मी सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवलं. पहिल्याच आठवड्यात एकदा गर्दी होती, सिस्टर वैतागून म्हणाल्या, "अगं नंतर भरू, पेशंट टेबलावर आहे." मी पडद्याच्या आत गेले, खाली वाकून विचारलं, "ताई, शेवटची पाळी कधी आली होती?" त्यांनी डोळे मिटून बोटांवर मोजलं, तारीख सांगितली, मग जरा थांबून म्हणाल्या, "नाही, त्याच्या दोन दिवस आधी." मी ती तारीख टाइप केली, आणि मग आम्ही दिवे मालवले.